दुखतंय किती, असं विचारल्यावर

"बाळ छान आहे," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही बऱ्या नाही आहात."

सातव्या महिन्याची तपासणी होती. सोनोग्राफी चांगली, बाळाचं वजन चांगलं, माझं रक्त थोडं कमी. ते कुणाचं कमी नसतं? सगळं आटोपल्यावर उठता उठता मी त्यांना विचारलं होतं की बाळ आत्ताच काढता येईल का, मला पूर्ण बेशुद्ध करून. अगदी शांतपणे विचारलं होतं, बसची वेळ विचारावी तसं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझी नाडी पुन्हा मोजली. एकशे बावीस. मी काही जिना चढून आले नव्हते, बसलेली होते.

"हे कधीपासून डोक्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सहज विचारलं."

त्यांनी सिस्टरना बाहेरचे पेशंट जरा थांबवायला सांगितलं. बाहेर बाकावर निदान पंधरा बायका पोटं सावरत बसल्या होत्या. त्या सगळ्यांचा माझ्यामुळे खोळंबा होतोय याचीच मला लाज वाटली. त्या लाजेनंच की काय, मला रडू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना.

त्याच दिवशी मला वरच्या मजल्यावर मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि कागदावर दोन नावं लिहिली. पहिलं, अँटेनेटल अँक्झायटी. म्हणजे गरोदरपणात येणारी अशी काळजी, जी खाण्यापिण्यात, झोपेत, कामात आडवी येते आणि समजूत घालून जात नाही. दुसरं, टोकोफोबिया. म्हणजे बाळंतपणाचीच भीती. थोडी भीती सगळ्यांना असते, पण हिच्यापायी बाई मूल नको म्हणते किंवा माझ्यासारखी सातव्या महिन्यात ऑपरेशन मागते.

या दोन्ही डॉक्टरांची नावं मी लिहीत नाही, त्यांनीच नको सांगितलंय. मी लिहितेय ते तुमच्यासाठी, म्हणजे जी कोणी आत्ता असल्याच एखाद्या बाकावर बसून मोबाइलमध्ये हे वाचत असेल तिच्यासाठी. तुझी सोनोग्राफी चांगली आली असेल आणि तरी तुला बरं वाटत नसेल, तर तू नाटक करत नाहीस, एवढं आधी ऐक.

आता माझ्याबद्दल. आम्ही भोसरीत दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. माझा नवरा संतोष इथल्याच एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे. मी चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिव्याच्या काचा उजेडात धरून तपासायच्या, हे माझं काम. एका काचेवर तीन बारीक टिपके चालतात. चौथा दिसला की डोक्यावरची दोरी ओढायची. मग लाल दिवा लागतो, अख्खी लाइन थांबते, सुपरवायझर धावत येतो आणि चाळीस माणसं माना वळवून तुमच्याकडे बघतात. सहा वर्षांत मी ती दोरी पाच-सहा वेळाच ओढली असेन. टिपका आहे की धूळ, अशी शंका आली की मी ती धूळच धरायचे. तीन लिहायचं आणि पुढे सरकायचं. सुपरवायझरसाहेबांनी हे वाचू नये अशी इच्छा आहे.

माझं माहेर औशाजवळचं एक खेडं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. दिवस राहिल्याचं कळल्यापासून आईनं बाजेला नवी सुतळी घालून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. आणि माझी आई आमच्या गावात बाळंतपणासाठीच प्रसिद्ध आहे. माझ्या वेळेला ती घरीच बाळंत झाली, तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं जेवत होती, आणि मी रडल्यावरच त्यांना कळलं. तिच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. गावात कुणाचंही डोहाळजेवण असो, ही गोष्ट निघतेच. लहानपणी मला तिचा फार अभिमान वाटायचा.

पहिलं लक्षण पाचव्या महिन्यातलं. कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना अचानक छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, आणि वाटलं की आपण इथेच, सीटवरच मरणार. दहा मिनिटांनी ते गेलं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. मग ते आठवड्यातून एकदा, मग दोनदा यायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत बायका आपापल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगायच्या. किती टाके पडले, कोण किती तास ओरडलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मी डबा तसाच परत न्यायला लागले. अंघोळ करताना पोटाला हात लावायचं टाळायला लागले. बाळ हलायचं तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी वाटायचं, हे एक दिवस बाहेर यायचंय.

रुग्णालयात पाचव्या महिन्यात सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतात. गेल्या आठवड्यात उगाच भीती वाटली का, रडू आलं का, असे दहा प्रश्न. तो मनाची तब्येत कळण्यासाठी असतो. मी तो बघितला आणि माझ्या लगेच लक्षात आलं की शेवटी आकड्यांची बेरीज होते. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की कुणीतरी धावत येणार. बाकी मला काही येवो न येवो, पण बेरीज बेताची ठेवणं मला चांगलं जमतं. सिस्टरनी फॉर्म बघून "छान" म्हटलं आणि फायलीला लावला. माझे दोन महिने तिथेच वाया गेले. चूक रुग्णालयाची नव्हती, ती शंभर टक्के माझी होती.

मानसोपचार डॉक्टरांकडे मी दर बुधवारी जायला लागले. शिफ्ट बदलून घेतली, कारण विचारल्यावर "शुगरची तपासणी" सांगितलं. गोळी सुरू झाली. गरोदरपणात चालेल अशी निवडून, कमी मात्रेत, मॅडमशी बोलूनच त्यांनी ती दिली. गोळीला मी घाबरत होते. डॉक्टर म्हणाल्या, "न घेतल्यानंही बाळावर ताण येतोच. आपण दोन्हीकडचं वजन करून ठरवतोय." संतोष शेजारी बसला होता. घरी येताना गाडीवर तो म्हणाला, "मला वाटत होतं तू माझ्यावर रागावली आहेस." दोन महिने तो बिचारा भांडी घासून माझा राग घालवत होता.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावली, ती जशीच्या तशी सांगते. भीती वाटली की अंग आखडतं, अंग आखडलं की कळा जास्त दुखतात, जास्त दुखलं की भीती वाढते. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. मनाच्या बाजूनं तोडायला गोळी आणि बोलणं, अंगाच्या बाजूनं तोडायला दुखणं कमी करण्याचे उपाय. श्वासाचा सराव, चालणं, सोबतीला आपलं माणूस, आणि हवं असेल तर एपिड्यूरल. म्हणजे पाठीच्या मणक्याजवळच्या पोकळीत एक बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून औषध देतात. कंबरेखालचं दुखणं बरंच कमी होतं, बाई मात्र जागी असते, बोलू शकते. "भीती असणाऱ्या बाईला ऐनवेळी विचारून चालत नाही," त्या म्हणाल्या, "तिच्याशी हे आधीच ठरवून ठेवावं लागतं."

चौथ्या बुधवारी त्यांनी विचारलं, "नेमकी कशाची भीती वाटते? मरणाची?"

मरणाची नव्हती. "मी ओरडेन," मी म्हणाले. "आईसमोर ओरडेन." हे उत्तर माझ्या तोंडून येईपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

मग ठरलं की बाळंतपण इथेच करायचं. मॅडमनी मला लेबर रूम आधीच दाखवून आणली. तिथे एक खाट, एक घड्याळ आणि भिंतीवर बदकाचं चित्र होतं. मी मनात उभं केलं होतं त्यापेक्षा ती खोली बरीच साधी निघाली. भूलतज्ज्ञांनी, म्हणजे एपिड्यूरल देणाऱ्या डॉक्टरांनी, माझी पाठ तपासली, रक्ताचे रिपोर्ट बघितले. कायमची पाठदुखी लागते म्हणतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सुईच्या जागी चार दिवस दुखेल. बाकी पाठ बाळंतपणानं आणि बाळाला उचलून दुखते, तिचं खापर माझ्यावर फोडतात."

राहिली आई. तिला फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. नववा लागल्यावर ती स्वतःच वल्लभनगरच्या स्टँडवर येऊन उतरली, दोन पिशव्या, एक डबा आणि वर शेगडीसुद्धा. बाज तेवढी आणता आली नाही याचं तिला वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं उशीजवळची गोळ्यांची पट्टी उचलून विचारलं, "हे कशाचं गं?" मी म्हटलं, "रक्तवाढीचं." तिनं पट्टी होती तिथे ठेवली.

दिवस भरले त्या दिवशी सकाळचे आठ वाजले होते. चहा गाळत असतानाच पाणी गेलं. साडेनऊला मी लेबर रूममध्ये होते. सोबत एकच बाईमाणूस चालतं, त्यामुळे संतोष बाहेर आणि आई आत. माझ्या फायलीवर एपिड्यूरलचं लिहिलेलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "दुखणं किती वाढतंय ते बघून डॉक्टरांना बोलावू. शून्य ते दहामध्ये किती आहे ते सांगत राहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

आई खाटेशी उभी होती. मी म्हटलं, "तीन."

अकरा वाजता कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सिस्टरनी विचारलं. मी म्हटलं, "तीन." साडेअकराला पुन्हा तीन. इतक्या बुधवारी जे शिकले होते ते कुठल्या कुठे गेलं होतं. श्वास घ्यायचा की सोडायचा तेही कळत नव्हतं. डोक्यात एकच चालू होतं, तीनच्या पुढे गेलं की सगळे थांबणार आणि माझ्याकडे बघणार. आईचं मनगट मी धरून ठेवलं होतं. बाहेरच्या खाटेवरची एक बाई मोठमोठ्यानं ओरडत होती आणि मला तिचा हेवा वाटत होता.

सिस्टर म्हणाल्या, "तीनच असेल तर अजून तासभर थांबू या." आणि त्या वळल्या.

"ओ सिस्टर," आई म्हणाली, "तीन नाही ते. खोटं बोलायलीय ती."

सिस्टर थांबल्या. आईनं आपला हात पुढे केला. तिच्या मनगटात माझी चार नखं रुतली होती, एका जागी रक्त आलं होतं. "मी बी अशीच दात धरून पडले होते. मला कुणी विचारलं नव्हतं. हिला तुम्ही विचारायलाव, तर हिला सांगता येईना. बोलवा तुमच्या सुईवाल्या डॉक्टरला."

सिस्टर माझ्याकडे वाकल्या. त्यांनी आईचं उत्तर घेतलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "कितीही सांगा, इथं कुणी रागावत नाही."

"नऊ," मी म्हणाले. तेवढ्यात कळ आली आणि दुसऱ्यांदा नऊ म्हणताना मी ओरडले. चांगली खणखणीत ओरडले. मला वाटत होतं आई तोंड फिरवेल. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "ओरड बाई. आणखी ओरड."

वीस मिनिटांत डॉक्टर आले. पाठ बाकदार करून, हनुवटी छातीला लावून बसायचं असतं आणि अजिबात हलायचं नसतं. कळा चालू असताना हे किती अवघड आहे ते मी लपवणार नाही. समोर आई उभी होती, माझं डोकं तिच्या खांद्यावर. सुई टोचल्याचं कळलं, मग पाठीत एक गार ओघळ गेल्यासारखं वाटलं. दहा-पंधरा मिनिटांनी कळ आली ती मशीनच्या पट्टीवर दिसली, मला नुसतं पोट घट्ट झाल्यासारखं वाटलं. डाव्या बाजूला थोडं दुखत राहिलं, त्यासाठी त्यांनी मला कुशीवर वळवून औषध वाढवलं. अंगाला खाज सुटली, पाय जड झाले. जादू वगैरे नाही ती. पण मला दोन तास झोप लागली, आणि मी उठले तेव्हा माझी नाडी ब्याऐंशी होती.

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. शेवटचं जोर लावणं मला नीट कळत होतं, दाब जाणवत होता, भीती मात्र नव्हती. बाळाला छातीवर ठेवलं तेव्हा मला रडू वगैरे आलं नाही. मला भूक लागली. हे मी संतोषला सांगितलं तर तो इतका हसला की सिस्टरनी त्याला बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी मी आईला गोळ्यांचं खरं सांगितलं. ती बाळाची टोपी सारखी करत होती. म्हणाली, "माहीत हाय मला. रक्तवाढीच्या गोळ्या मी काय बघितल्या नाहीत का? पट्टी घेऊन खालच्या मेडिकलवाल्याला विचारून आले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणलं."

आई सव्वा महिना आमच्या दोन खोल्यांतच राहिली. भोसरीतच माझं माहेर झालं म्हणायचं. ती शेगडी पेटवायची आणि घरमालकीणकाकू खिडकीतून धुराची चौकशी करायच्या. "आमी बी शेकूनच निघालो, व्हय, पर गॅलरीत पेटव की," असं म्हणून काकू स्वतःच बाळाला तासभर घेऊन बसायच्या. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. दुसऱ्या आठवड्यात छातीतली धडधड परत आली. गोळी मनानं बंद करायची नाही असं बजावलेलं होतं, ती चालूच होती. मी फोन केला, डॉक्टरांनी लगेच बोलावलं आणि मात्रा थोडी वाढवली. बरं होणं सरळ रेषेत चालत नाही, मागेपुढे होत राहतं. तुमचं मागे गेलं तर लगेच फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

सव्वा महिन्यानं मी मानसोपचार डॉक्टरांकडे गेले ते आई आणि बाळासकट. पुन्हा तोच दहा प्रश्नांचा फॉर्म आला. या वेळी बेरीज न बघता भरला. डॉक्टरांनी तो वाचला, दोन ठिकाणी खूण केली, झोपेचं विचारलं, आणि गोळी निदान सहा महिने चालू ठेवू म्हणाल्या. आम्ही निघणार, तेवढ्यात आई मागच्या खुर्चीवरून बोलली.

"डॉक्टर, एक विचारू का? हा आजार एकोणतीस वर्षांमागं बी होता का?"

"होता," डॉक्टर म्हणाल्या. "नाव माहीत नसायचं एवढंच."

आई बाळाकडे बघत होती. "हिच्या टायमाला मी दोन महिने हिला मांडीवर घेतलं नाही. पाजायची आन् खाली ठेवायची. पाण्याला गेले की आडात वाकून बघत बसायची. लोकं म्हणायचे, किती गुणाची बाई, आवाज सुदीक केला नाही. मला वाटायचं माझं काळीजच वाईट हाय. आईला लेकरू नको वाटतं का कधी?"

आईला कडकडून मिठी मारावी असं मला वाटलं, आणि एकोणतीस वर्षं मी तिच्या ज्या गोष्टीचा अभिमान मिरवला तिची मनापासून लाज वाटली. पण मिठी मी नंतर मारली. आधी मी पेशंटच्या खुर्चीतून उठले, तिच्याकडून बाळ घेतलं आणि तिला तिथे बसवलं.

डॉक्टरांनी एक कोरा कागद घेतला. तिचं नाव विचारलं, वय विचारलं, आणि पेन मिटून बाजूला ठेवलं.

"वाईट नव्हतं तुमचं काळीज," त्या म्हणाल्या. "तुम्ही आजारी होतात. आता सांगा, पहिल्यापासून."

आईनं पदर सारखा केला आणि सांगायला लागली.